सफोक किनारा : वसंतातील गावे आणि चर्चवास्तू

सफोक किनारा : इंग्लंडच्या पूर्वेस, उत्तर समुद्राला लागून, लोस्टॉफ्टपासून फेलिक्सस्टोपर्यंत पसरलेला सखल पट्टा. कोव्हहाइथ, साउथवोल्ड, वॉल्बर्सविक, ब्लाइदबरो आणि डनिच ही त्याच्या उत्तर भागातली गावे चर्चवास्तूंसाठी प्रसिद्ध आहेत. एप्रिल-मे हा इथल्या भटकंतीचा खरा मोसम. झाडांना पुरती पालवी फुटलेली नसते, त्यामुळे गारगोटीच्या दगडांनी बांधलेले मनोरे दलदलीपलीकडून स्पष्ट दिसतात. माळावर गॉर्सची काटेरी झुडपे पिवळीधमक होतात आणि वाळूच्या कड्यांत बिळे करणाऱ्या पाकोळ्या आफ्रिकेतून परततात. चिमुकले गाव, त्यात अवाढव्य चर्च आणि भोवती निवांत दलदल हे दृश्य पाहून प्रवासी त्याला ‘काळाचा स्पर्श न झालेले इंग्लंड’ म्हणून मोकळे होतात. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. काळाने फटका मारलेला असा दुसरा किनारा इंग्लंडमध्ये शोधावा लागेल. इथले सौंदर्य बुडालेल्या बंदरांच्या दिवाळखोरीतून आले आहे, आणि चर्चवास्तू हा त्या दिवाळखोरीचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा आहे.

ही चर्च कोणाच्या पैशाने उभी राहिली, हे वॉल्बर्सविकच्या कागदपत्रांत नोंदले गेले आहे. सेंट अँड्र्यूज चर्चच्या मनोऱ्यासाठी 1426 मध्ये गवंड्यांशी झालेला करार टिकून आहे. दर यार्ड उंचीमागे चाळीस शिलिंग, काम चालू असेल तोवर दरसाल हेरिंग माशांचे एक पिंप आणि प्रत्येकी एक झगा, अशी मजुरी त्यात ठरली आहे. मनोरा टन्स्टलच्या मनोऱ्यासारखा हवा, असेही त्यात बजावले आहे. शेजारच्या गावावर नजर ठेवून वास्तू बांधण्याची ही हौस आपल्याला अपरिचित नाही. सफोकच्या अंतर्भागातली लॅव्हनम, लाँग मेलफर्ड यांची भव्य चर्च लोकरी कापडाच्या व्यापारातून उभी राहिली, म्हणून साऱ्या जिल्ह्याच्या चर्चना सरसकट ‘लोकरीची चर्च’ म्हटले जाते. किनाऱ्यापुरते हे अपुरे आहे. इथला पैसा मुख्यतः समुद्राचा होता: हेरिंगची मासेमारी, आइसलंडपर्यंत जाणाऱ्या बोटी आणि बंदरातली मालवाहतूक. मच्छीमार आपल्या मिळकतीतला वाटा चर्चला देत. यावर कोणी म्हणेल की चर्चच्या आकारावरून गावची श्रीमंती ठरवणे धोक्याचे आहे, कारण एवढी जागा भरेल इतकी माणसे तिथे कधी नव्हतीच. हे खरे आहे. मृत्युपत्रांतून खिडकीसाठी, छपरासाठी, दिव्यासाठी रकमा ठेवण्याची प्रथा होती आणि वास्तू गरजेपेक्षा मोठी होत जाई. पण आकारावरून लोकसंख्येचा अंदाज चुकला, तरी शिलकीचा चुकत नाही. दिवंगतांनी ठेवलेला पैसा आधी कुठून तरी मिळवलेला असतोच.

तो पैसा ज्या बंदरांतून आला, त्यांचे काय झाले हे डनिचवरून कळते. 1086 च्या डूम्सडे जमीनपाहणीत या गावात तीन चर्च नोंदलेली आहेत. राजाला 68,000 हेरिंग द्यावे लागत, आणि गावची निम्मी शेतजमीन समुद्राने नेल्याचीही नोंद त्याच पानावर आहे. म्हणजे भरभराट आणि झीज एकाच वेळी सुरू होत्या. हा किनारा वाळू आणि खडीच्या मऊ थरांचा असल्याने लाटांपुढे टिकत नाही. 1286-87 च्या हिवाळ्यातली वादळे आणि नंतर 1328 चे वादळ यांनी गोट्यांचा दांडा पुढे सरकवून बंदराचे तोंड बुजवले. ब्लाइद नदीने मुख बदलले आणि ते आपल्याकडे राखण्यासाठी डनिच, वॉल्बर्सविक व साउथवोल्ड शतकानुशतके भांडत राहिले. साउथवोल्डजवळचे सध्याचे मुख 1590 मध्ये खोदलेले आहे. एवढे होऊनही डनिचमधून पार्लमेंटमध्ये दोन प्रतिनिधी जात राहिले. हा हक्क 1832 च्या सुधारणा कायद्याने गेला, तोवर गावाचा बराच भाग पाण्याखाली होता. गावापेक्षा गावाची पार्लमेंटमधली जागाच जास्त काळ टिकली, असे म्हणायला हरकत नाही.

यावर सरळ आक्षेप असा : डनिच समुद्राने गिळले, त्यात व्यापाराचा काय संबंध? उत्तर ऑल सेंट्स या चर्चच्या तारखांत आहे. हे चर्च कड्यावरून कोसळू लागले 1904 मध्ये आणि त्याचा मनोरा गेला 1919 मध्ये. पण ते वापरातून गेले होते 1750 च्या दशकातच. समुद्र दाराशी पोहोचण्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी ते सांभाळणारे हात उरले नव्हते. समुद्राने जे नेले, ते गावाने आधीच सोडलेले होते. जिथे समुद्र अजून पोहोचलेला नाही तिथेही हेच घडले. कोव्हहाइथला 1672 मध्ये जुन्या चर्चचे छप्पर उतरवून त्याच्याच भिंतींच्या आत, जुने सामान वापरून, शाकारलेल्या छपराचे छोटे चर्च बांधले गेले, कारण पॅरिशला मोठ्या वास्तूची दुरुस्ती झेपत नव्हती. मनोरा ठेवला, कारण खलाशांना तो खूण म्हणून हवा होता. वॉल्बर्सविकने 1695 मध्ये परवानगी घेऊन आपले चर्च बहुतांशी पाडले आणि एका कोपऱ्यात संसार थाटला. आज प्रवासी ज्याची छायाचित्रे सर्वांत जास्त काढतात, ती ही काटकसर आहे.

पडक्या भिंती दिसल्या की मन शत्रू शोधते. 1739 च्या लढाईनंतरची वसई माहीत असलेल्या मराठी वाचकाला तर ते साहजिकच वाटेल. सफोकमध्ये हा दोष विल्यम डाउसिंगवर ढकलला जातो. हा प्युरिटन मूर्तिभंजक 1643-44 मध्ये पार्लमेंटच्या आदेशाने चर्चमागून चर्च तपासत फिरला. पण त्याने स्वतः ठेवलेल्या रोजनिशीत काय आहे? रंगीत काचा, चित्रे, शिलालेखांतल्या प्रार्थना आणि वेदीच्या पायऱ्या. भिंती आणि छपरे त्याने पाडली नाहीत. ब्लाइदबरोच्या छतावरल्या लाकडी देवदूतांच्या अंगात छर्रे सापडले, तेही बराच काळ त्याच्या माणसांच्या नावावर जमा होते. पण अठराव्या शतकात छपरात शिरणाऱ्या कावळ्यांवर बार काढण्यासाठी चर्चनेच खर्च केल्याची नोंद आहे. त्याच चर्चच्या उत्तर दारावरले काळे डाग 4 ऑगस्ट 1577 च्या वादळात आलेल्या ‘ब्लॅक शक’ या सैतानी कुत्र्याच्या पंज्यांचे, अशी दंतकथा आहे. त्या दिवशी शिखर कोसळले आणि माणसे दगावली, एवढे मात्र खरे. शिखर पुन्हा बांधले गेले नाही, आणि या नोंदीच्या दृष्टीने कुत्र्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

अधिक वजनदार आक्षेप धर्मसुधारणेचा आहे. सोळाव्या शतकात मृतांसाठी प्रार्थना बंद झाल्या, त्यासाठीच्या देणग्या जप्त झाल्या आणि चर्चकडे येणारा ओघ आटला. मग ऱ्हासाचे कारण बंदर की श्रद्धा? श्रद्धेचा वाटा मान्य करावाच लागतो, पण किनाऱ्यावर तो बाजारातूनही पोहोचला. उपासाच्या दिवशी मासे खाण्याची सक्ती सैल होताच मागणी घटली. 1563 मध्ये एलिझाबेथच्या सरकारने बुधवार हा माशांचा दिवस म्हणून कायद्याने लादला. हेतू पुण्याचा नव्हता. मच्छीमार टिकले तर आरमाराला खलाशी मिळतील, असा हिशेब होता. शिवाय अंतर्भागातल्या चर्चनीही तीच धर्मसुधारणा सोसली, तरी लॅव्हनम आणि लाँग मेलफर्ड आपापल्या छपरांखाली शाबूत आहेत.

ब्लाइदबरोचे चर्च मात्र अखंड उरले, कारण पाडण्याचाही उत्साह कोणाला नव्हता असे दिसते. ते इतके मोडकळीस आले की 1881 मध्ये बंद करावे लागले. दुरुस्ती कशी व्हावी यावर विल्यम मॉरिस आणि 1877 मध्ये स्थापन झालेली प्राचीन वास्तूंच्या रक्षणाची त्याची संस्था यांनी वाद घातला. पैसा तोकडा असल्याने काम वर्षानुवर्षे रेंगाळले आणि श्रीमंत गावांत झालेला चकचकीत ‘जीर्णोद्धार’ इथे टळला. गरिबीने केलेले हे संरक्षण आहे.

ज्या निसर्गासाठी लोक वसंतात येतात, तोही ‘आदिम’ नाही. मिन्समेअरची दलदल पूर्वी पाणी काढून कुरण केलेली जमीन होती. 1940 मध्ये जर्मन आक्रमणाच्या भीतीने ती मुद्दाम बुडवण्यात आली. ब्रिटनमधून जवळजवळ शतकभर नाहीसा झालेला अव्होसेट पक्षी 1947 मध्ये तिथे पुन्हा घरटी करू लागला. बिटर्न या बगळ्याचा वसंतातला घुमणारा आवाज ज्या बोरूबनातून येतो, ते युद्धाच्या तयारीने दिलेले आहे.

म्हणून, पर्यटनपुस्तिका काहीही सुचवोत, या भागाची फेरी नटलेल्या साउथवोल्डपासून सुरू करू नये. आधी डनिचला सेंट जेम्स चर्चच्या आवारात ऑल सेंट्सचा वाचवून आणलेला एकमेव आधारस्तंभ पाहावा, मग ब्लाइदबरो आणि वॉल्बर्सविक, आणि तिथून वल्ह्याच्या नावेने नदी ओलांडून साउथवोल्ड. कोव्हहाइथ शेवटी ठेवावे. तिथे कडा काही भागांत वर्षाला सरासरी चार मीटरांहून अधिक मागे सरकतो, त्यामुळे जुने नकाशे सोबत असले तरी कड्याच्या काठावरून चालू नये.