भाग ३७ : लायडनची प्रयोगशाळा आणि प्रोस्टेटशेजारच्या नसा

सदतिसाव्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना अर्धवट सुटलेली वाक्यं जोडून घेतलीत, बाकी जसं बोललो तसंच आहे. विषय ओटीपोटाचा, त्यातही पुरुषाच्या. हेडफोन लावून ऐकणाऱ्यांनी हेडफोन लावूनच वाचलं तरी चालेल.

आधी जागा समजून घेऊ, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही. आपल्या कमरेची दोन मोठी हाडं दोन बाजूंना, मागे पाठीच्या कण्याचं शेवटचं टोक आणि माकडहाड, आणि पुढे ही दोन हाडं जिथे जुळतात तो सांधा. हे सगळं मिळून एक घंगाळ तयार होतं. पण या घंगाळाला तळ नाही. तळाच्या जागी स्नायूंची चादर ताणलेली आहे. आत सगळ्यात पुढे मूत्राशय, मागे गुदाशय, आणि मूत्राशयाच्या बरोबर खाली अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी. मराठी पुस्तकांत तिला पुरःस्थ ग्रंथी किंवा पौरुषग्रंथी म्हणतात, पण दवाखान्यात ते म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही.

लघवीची नळी या ग्रंथीच्या मधून जाते. आणि वृषणांपासून निघालेल्या दोन शुक्रनलिका जांघेतून वर चढतात, मूत्राशयाला मागून वळसा घालतात आणि प्रोस्टेटमध्येच त्या नळीला येऊन मिळतात. म्हणजे दोन वेगळ्या खात्यांचे रस्ते इथे एक होतात. चांदणी चौकच म्हणा. चारी बाजूंनी हाड, दिवा आत पोचत नाही, आणि एवढ्याशा जागेत सगळी वाहतूक. सर्जनच्या दृष्टीने शरीरातल्या सगळ्यात अडचणीच्या जागांपैकी ही एक.

इथे हात घातला की काहीतरी बिघडतं, हे फार जुनं ज्ञान आहे. सुश्रुतसंहितेत मुतखड्याचं ऑपरेशन सांगितलंय. गुदद्वारातून बोटं घालून खडा खाली ढकलायचा आणि मधल्या शिवणीच्या डाव्या बाजूला, जवाच्या दाण्याएवढं अंतर सोडून, छेद घ्यायचा. त्याच अध्यायात आठ जागा जपायला सांगितल्यात आणि कुठली जागा दुखावली तर काय होईल हेही सांगितलंय. त्यात मुष्कस्रोताला इजा झाली तर ध्वजभंग होतो असं आहे. ध्वजभंग म्हणजे ताठरता जाणं. कारण त्यांना माहीत होतं असं नाही, पण परिणाम कुणीतरी नीट पाहून नोंदवला होता. (यावरून 'आपल्याकडे सगळं आधीच होतं' असा फॉरवर्ड कृपया बनवू नका. मला फॅमिली ग्रुपवर तो परत येईल.)

युरोपात प्रोस्टेटचं वर्णन सोळाव्या शतकात आलं. १५३६ मध्ये व्हेनिसच्या निकोलो मासाने लिहिलं, १५३८ मध्ये वेसालियसने चित्र छापलं. पुढची काही शतकं मी सरळ ओलांडतोय, कारण आपली गोष्ट सुरू होते ती १९०४ मध्ये, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात.

तिथे ह्यू हॅम्प्टन यंग नावाच्या सर्जनने कॅन्सर झालेली प्रोस्टेट तिच्या आवरणासकट, शेजारच्या वीर्यकोशांसकट, पूर्ण काढून टाकली. वाट साधारण तीच, अंडकोश आणि गुदद्वाराच्या मधली. यंग हा मोठा माणूस. रेल्वेचं साहित्य विकून गब्बर झालेला आणि खादाडपणासाठी अमेरिकाभर गाजलेला 'डायमंड जिम' ब्रेडी हा त्याचा पेशंट. बरा झाल्यावर त्याने दिलेल्या पैशातून हॉपकिन्समध्ये ब्रेडी इन्स्टिट्यूट उभी राहिली. पुढे १९४५ मध्ये लंडनमधल्या टेरेन्स मिलिनने पोटाच्या बाजूने, पुढच्या हाडामागून प्रोस्टेटपर्यंत जायची वाट लोकप्रिय केली.

ऑपरेशन होतं, कॅन्सर निघत होता, आणि तरी पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं लोक ते टाळत होते. कारणं तीन. रक्तस्राव भयंकर. नंतर अनेकांना लघवी धरता यायची नाही. आणि ताठरता तर जवळजवळ सगळ्यांचीच जायची.

या तिसऱ्या कारणावर जरा थांबतो. माझ्या एका मामांना हे ऑपरेशन सुचवलं होतं. ते नको म्हणत होते. घरात कारण काय सांगितलं, तर वय झालं, खर्च कशाला, ऊस तोडणीला आलाय. मग एकदा गाडीत आम्ही दोघंच असताना, समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "अरे, ते... नंतर ते राहतं का रे सगळं?" मामा एकसष्ट वर्षांचे. मला आधी ते काय विचारतायत तेच कळेना. मग कळलं तेव्हा दोन किलोमीटर मी नुसती गाडी चालवली. रुग्णालयाने सही करायला दिलेल्या कागदावर लघवीच्या त्रासाबद्दल दोन ओळी होत्या, याबद्दल एकही नव्हती. मी म्हटलं, "मामा, डॉक्टरांनाच विचारू. मी विचारतो." विचारलं. डॉक्टरांनी दहा मिनिटं कागदावर आकृती काढून समजावलं. त्या आकृतीत प्रोस्टेटच्या दोन्ही अंगांना त्यांनी पेनाने दोन रेघा ओढल्या होत्या. त्या रेघा कुठून आल्या, ते शोधताना हा भाग तयार झाला.

१९७४ मध्ये पॅट्रिक वॉल्श हा छत्तीस वर्षांचा माणूस ब्रेडी इन्स्टिट्यूटचा प्रमुख झाला. पहिला प्रश्न त्याने धरला तो रक्ताचा. प्रोस्टेटच्या वरून शिरांचं एक जाळं जातं. व्हेनिसच्या सँटोरिनीने १७२४ मध्ये त्याचं वर्णन केलेलं आहे, म्हणजे नाव अडीचशे वर्षं पुस्तकात होतं. पण ती शिर लिंगाकडून येते, हाडाखालून आत शिरते आणि तिथे तिच्या नेमक्या किती फांद्या, कुठल्या दिशेने होतात, हे ऑपरेशन करणाऱ्याच्या कामाला येईल अशा पद्धतीने कुणी मांडलं नव्हतं. वॉल्शने ते मांडलं आणि शिर आधी बांधून मगच कापायची रीत बसवली. हा पेपर १९७९ चा. त्याचा खरा फायदा पुढे झाला. रक्ताचं तळं नाही म्हटल्यावर आत काय आहे ते पहिल्यांदा दिसायला लागलं. आमच्या धंद्यात याला लॉगिंग चालू करणं म्हणतात. तोपर्यंत सगळे अंदाजाने डीबग करत होते.

१९७७ मध्ये त्याचा एक पेशंट तीन महिन्यांनी तपासणीला आला आणि म्हणाला, माझं सगळं पूर्ववत चालू आहे.

आता हे का महत्त्वाचं? तेव्हाची समजूत अशी होती की ताठरतेच्या नसा प्रोस्टेटमधून जातात. ग्रंथी काढली की नसा गेल्या, विषय संपला. ते खरं असेल, तर ज्याची प्रोस्टेट पूर्ण काढली आहे असा एकही माणूस पूर्ववत असता कामा नये. इथे एक समोर बसलाय. शंभर पेशंटच्या आकडेवारीत असा एक जण 'नशीबवान' म्हणून वगळला गेला असता. वॉल्शने वगळला नाही. माझ्या मते या संपूर्ण गोष्टीतलं सगळ्यात अवघड काम हेच होतं, पुढचं नाही.

नसा असतात हे नवीन नव्हतं. जर्मनीत योहानेस म्युलरने १८३६ मध्ये त्यांचं वर्णन केलं होतं. कॉनराड एकहार्टने १८६३ मध्ये कुत्र्यांमध्ये ओटीपोटातल्या नसांना विजेने चेतवून ताठरता येते हे दाखवलं होतं. त्या कण्याच्या तळातून निघतात, गुदाशयाच्या बाजूला त्यांचं जाळं होतं, आणि शेवटी लिंगात पोचतात. पण मधला टप्पा, प्रोस्टेटपाशी त्या नेमक्या कुठे असतात, तो नकाशात कोरा होता. प्रौढ माणसाच्या मृतदेहात त्या शोधणं फार कठीण. चरबी असते, रसायनात ठेवलेले ऊतक कडक झालेले असतात, वरच्या अवयवांच्या वजनाने खालचं सगळं थापलेल्या भाकरीसारखं चपटं होतं. आणि नसा केसासारख्या.

फेब्रुवारी १९८१ मध्ये वॉल्श एका बैठकीसाठी नेदरलँड्समधल्या लायडनला गेला. तिथे पीटर डोंकर भेटले. लायडनचे मूत्ररोगतज्ज्ञ, प्राध्यापकीतून निवृत्त झालेले. वॉल्शने सहज विचारलं, निवृत्तीनंतर काय करता? डोंकर म्हणाले, मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसांचं विच्छेदन करतोय. मृत जन्मलेल्या एका बाळाच्या शरीरात. बाळाच्या शरीरात चरबी कमी, अवयव दबलेले नाहीत, शरीराच्या मानाने नसा ठळक. वॉल्शने विचारलं, मग ताठरतेच्या नसा कुठे आहेत? डोंकरांनी त्या कधी शोधल्या नव्हत्या, त्यांचा विषय मूत्राशय होता. दोघं मिळून शोधायला बसले आणि काही तासांत सापडल्या. प्रोस्टेटच्या आत नव्हत्याच. ग्रंथीच्या आवरणाबाहेरून, मागच्या दोन कडांनी, एक डावीकडून आणि एक उजवीकडून खाली जात होत्या.

त्या बाळाबद्दल याहून जास्त मी इथे सांगू शकत नाही. पेपरमध्ये ते 'मृत जन्मलेला मुलगा' एवढंच असतं. रेकॉर्डिंगच्या वेळी मी इथे थोडा वेळ गप्प बसलो होतो. एडिटमध्ये ती जागा मुद्दाम कापली नाही.

बाळाच्या शरीरात सापडलं, पण जिवंत प्रौढ माणसात, ऑपरेशनच्या टेबलावर, या नसा डोळ्यांना कशा दिसणार? याचं उत्तर हॉपकिन्समध्ये मिळालं. त्या एकट्या जात नाहीत. त्यांच्याबरोबर प्रोस्टेटच्या रक्तवाहिन्यांचा जुडगा जातो, आणि तो दिसतो. रक्तवाहिन्या ओळखा, त्या बाजूला सारा, नसा आपोआप वाचतात. वर्षभर अटलांटिकच्या दोन बाजूंनी काम चाललं. १९८२ मध्ये दोघांच्या नावाने पेपर आला. आणि २६ एप्रिल १९८२ रोजी वॉल्शने पहिल्यांदा ठरवून, नसा वाचवत, प्रोस्टेट काढली. पेशंट बावन्न वर्षांचा प्राध्यापक. त्याची ताठरता परत आली, आणि कॅन्सर परत आला नाही. १९८५ मध्ये प्रौढ शरीराचे पातळ छेद एकावर एक रचून नसांची जागा पुन्हा तपासली गेली. तीच निघाली.

एक स्पष्ट करतो, कारण मेल येतील. नसा वाचवल्या म्हणजे सगळं शाबूत राहीलच असं नाही. वय, आधीची अवस्था, मधुमेह, सर्जनचा हात, या सगळ्यावर ते ठरतं, आणि बरं व्हायला कित्येक महिने लागतात. कॅन्सर त्या कडेला पोचला असेल तर तिकडचा जुडगा काढावाच लागतो. तिथे भावनेला जागा नाही. आणि १९९८ ला आलेली निळी गोळी नसांचा पर्याय नव्हे. नस नायट्रिक ऑक्साइड सोडते, त्यानंतरच्या साखळीत गोळी काम करते. नसच नसेल तर गोळीला फारसं करण्यासारखं उरत नाही. शिवाय हळू वाढणाऱ्या बऱ्याच गाठींना आता ऑपरेशनच करत नाहीत, नुसती नियमित तपासणी ठेवतात.

मग रोबो आला. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयात केरळचे मणी मेनन यांनी २००० नंतर रोबोने प्रोस्टेट काढण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर बसवली. मी तंत्रज्ञानातला माणूस असल्यामुळे मला हा भाग जास्त आवडायला हवा. पण रोबोला त्या दोन कडा कुठे आहेत हे कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते लायडनमधून आलंय. पाठ्यपुस्तकांत त्या जुडग्याला बऱ्याचदा एकट्या वॉल्शचं नाव दिलेलं दिसतं. डोंकरांचं नाव शोधायला मूळ पेपर उघडावा लागतो.

मामांचं ऑपरेशन झालं. पुढचं मी विचारलेलं नाही, आणि त्यांनी सांगितलं असतं तरी इथे लिहिलं नसतं.

पुढच्या भागात एव्हरर्ड होम. प्रोस्टेटच्या मधल्या भागाचं वर्णन करून नाव कमावलेला लंडनचा सर्जन. याच माणसाने १८२३ मध्ये आपल्या बहिणीच्या नवऱ्याचे, म्हणजे महान जॉन हंटरचे, हस्तलिखित कागद जाळून टाकले. का जाळले, ते तेव्हा बोलू.