अंध, प्रज्ञाचक्षू की अल्पदृष्टी?

संत गुलाबराव महाराजांची (१८८१–१९१५) दृष्टी तान्हेपणीच गेली. लोक त्यांना आदराने 'प्रज्ञाचक्षू' म्हणत. मुंबईत १९५२ साली स्थापन झालेल्या 'नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड'ने मात्र नावातच सरळ 'ब्लाइंड' म्हटले. २०१५ नंतर 'दिव्यांग' हा शब्द सरकारी कामकाजात आला. तो अनेकांना आवडला, अनेकांना खटकला.

या सगळ्यांत थोडेफार दिसणाऱ्यांना बराच काळ नाव नव्हते. १९९५च्या कायद्याने 'अल्पदृष्टी' अंधत्वापासून वेगळी धरली. २०१६च्या कायद्यानुसार चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ३/६०पेक्षा कमी असेल तर अंधत्व. ६/१८ ते ३/६० असेल तर अल्पदृष्टी. नजरेचा घेर आक्रसला तरी हेच निदान होऊ शकते. म्हणूनच हातात पांढरी काठी असलेला माणूस मोबाइल वाचू शकतो. ते ढोंग नव्हे.

वाकोल्यात माझ्याकडे येणारे काही जण 'अंध' म्हणवून घेतात, काही नुसते "डॉक्टर, मला कमी दिसतं" म्हणतात. प्रमाणपत्रावरचा शब्द सवलतींसाठी असतो. हाक कोणत्या शब्दाने मारायची, ते त्या माणसालाच विचारावे.