आदेउस, ममांय!

शाळेत असताना प्रयोगशाळेतला थर्मामीटर फुटला आणि आमच्या बाईंच्या अंगठीला पारा लागला. पिवळीधमक अंगठी बघता बघता पांढरी पडली. बाई रडवेल्या झाल्या. सोनाराने ती तापवून पुन्हा पिवळी करून दिली, तेव्हा आम्हाला जादूच वाटली. पण त्या अंगठीवरचा पारा गेला कुठे? बराचसा त्या सोनाराच्या छातीत गेला असणार, हे मला फार उशिरा कळले.

हे आठवायला कारण ब्राझील. आपल्यासारखाच तोही पोर्तुगिजांच्या अमलाखालचा मुलूख. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथे मिनास जेराइस भागात सोने सापडले. आफ्रिकेतून आणलेले गुलाम दिवसभर पाण्यात उभे राहून नदीची वाळू धूत आणि सोन्याचा पाचवा हिस्सा लिस्बनच्या राजाला जाई. 1822 साली ब्राझील स्वतंत्र झाला. हाताने सोने काढणारा गरीब माणूस मात्र राहिलाच. त्याला तिथे 'गारिंपेइरो' म्हणतात.

1980 साली पारा राज्यातल्या (योगायोगाने राज्याचे नावही पाराच!) सेर्रा पेलादा इथे सोन्यासाठी हजारो माणसे लोटली. डोंगराची खाण झाली, खाणीचा खड्डा. सेबास्तियांव साल्गादो यांनी 1986 साली तिथे काढलेली छायाचित्रे जगभर गाजली. पाठीवर चिखलाची पोती घेऊन मुंग्यांसारखी शिड्या चढणारी माणसे त्यांत दिसतात. लाकडाच्या त्या डुगडुगत्या शिड्यांना कामगारांनीच नाव दिले होते, 'आदेउस, ममांय'. म्हणजे, आई, निरोप दे. गोवेकराला याचा अर्थ सांगायला नको. आपल्याकडे 'आदेवस' अजून ऐकू येते आणि 'मांय' तर घराघरांत आहे.

शिडीवरून पडण्याची, दरड कोसळण्याची भीती डोळ्यांना दिसत होती, म्हणून तिला नाव मिळाले. पाऱ्याला कोण नाव देणार? पारा सोन्याचे कण धरून ठेवतो. तो गोळा फडक्यातून पिळायचा आणि तापवायचा. पारा उडून जातो, सोने उरते. पण श्वासावाटे गेलेल्या या वाफेतला सुमारे 80 टक्के पारा रक्तात उतरतो. हात कापू लागतात, झोप उडते, विसर पडतो. कित्येक ठिकाणी हे काम घरच्या चुलीवर चालते, म्हणजे बायकामुलेही त्यात आलीच. झाकणबंद भांड्यात तापवून ती वाफ थंड केली तर पारा परत हाती येतो आणि छातीही वाचते. इतका साधा उपाय, पण तो पोचत नाही.

नदीत गेलेला पारा माशांत उतरतो. तापाजोस नदीकाठचे मुंदुरुकू आणि उत्तरेकडचे यानोमामी हे आदिवासी तो मासळीतून खातात. त्यांनी तर सोने काढलेलेही नसते. मासळीवर जगणाऱ्या आपल्याला हे दुःख वेगळे समजावायला नको. 2013 साली पाऱ्यावर मिनामाता करार झाला आणि 2018 मध्ये भारतानेही त्याला मान्यता दिली. सोन्याच्या अशा खाणकामातला पारा कमी करत न्यायचा, असे त्यात लिहिले आहे. सोन्याचा भाव मात्र चढतोच आहे.

आपण घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. त्या शिडीवरचा माणूस रोज सकाळी 'जातो' म्हणूनच खड्ड्यात उतरत होता. दागिना घडवताना एवढे तरी आठवावे.