खदान कंपनीची, इतिहास कोणाचा? बंद पडलेल्या खाणींचा शोध आपणच घेतला पाहिजे



मनसर म्हटले की आपल्या तरुणांना हिडिंबा टेकडीचे उत्खनन आठवते, बोधिसत्त्व नागार्जुन आठवतात. ते योग्यच आहे. पण त्याच मनसरला शंभराहून अधिक वर्षांपासून मँगनीजची खदान आहे. तिथे डोक्यावर टोपले वाहणाऱ्या बायांपैकी किती जणींची नावे आपल्याला सांगता येतील? दीड हजार वर्षांपूर्वीच्या विटा आपण ओळखतो, पण आपली पणजी कोणत्या खदानीवर राबली हे आपल्याला माहीत नसते.

विदर्भातल्या खदानींचा लिखित इतिहास उपलब्ध आहे. वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण 1871 मध्ये सुरू झाली, 1877 मध्ये तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आली आणि 1906 मध्ये ती बंद पडली. मँगनीजसाठी 1896 मध्ये इंग्रजी भांडवलाची कंपनी निघाली, तिचीच पुढे 1962 मध्ये सरकारी भागीदारीची मॉइल झाली. 1909 मध्ये फर्मोर या भूवैज्ञानिकाने भारतातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ लिहिला. या सगळ्यात साहेबांची नावे आहेत, टनांचे आकडे आहेत, रेल्वेचे भाडे आहे. मजूर मात्र 'रोजची सरासरी हजेरी' या रकान्यात आहे. पुरुष इतके, बाया इतक्या. ज्याच्या हातात लेखणी, त्याचाच इतिहास, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

मोठ्या खदानींचे निदान नाव तरी उरले. पण मँगनीजचा भाव चढला की ठेकेदार जागोजागी खड्डे खोदत आणि भाव पडला की तसेच टाकून जात. 1930 नंतरच्या जागतिक मंदीत मागणी कोसळली आणि अनेक खदानी बंद पडल्या. म्हणून आज नागपूर, भंडारा, चंद्रपूरच्या कितीतरी गावांत वस्तीशेजारी पाण्याने भरलेला एखादा खोल खड्डा असतो. म्हातारी माणसे त्याला 'खदान' म्हणतात आणि कागदावर ती जागा नुसती पडीक असते. अशा जागेची चौकशी करायला विद्यापीठाचे अनुदान लागत नाही. एसटीचे भाडे, झेरॉक्स, एक मोबाईल आणि चार कार्यकर्ते एवढ्यावर काम सुरू होते.

आधी कागद

तलाठ्याकडून त्या गटाचा सातबारा आणि गावनकाशा घ्या. विदर्भात निस्तार पत्रक असते. त्यात गावाच्या सामाईक जागा कशासाठी राखल्या आहेत याची नोंद मिळते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे ऑनलाईन फुकट मिळतात, त्यात जुन्या खाणीची खूण आहे का पाहा. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रहचित्रे उघडा. शेतातून सरळ रेषेत गेलेला आणि मध्येच संपणारा मातीचा बांध दिसला, तर तो जुन्या मालगाडीचा फाटा असू शकतो.

त्यानंतर कोतवाल बुक. जातीच्या दाखल्यासाठी 1950 पूर्वीची नक्कल काढायला आपण तहसीलच्या पायऱ्या झिजवतोच. त्याच नोंदवहीत मृत्यूच्या नोंदी असतात आणि त्यात नाव, बापाचे नाव, जात, मृत्यूचे कारण लिहिलेले असते. आजवर आपण ती वही फक्त 'माझी जात कोणती' हे सिद्ध करायला उघडली. आता 'माझी माणसे कशाने मेली' हे विचारायला उघडा. ज्या वर्षांत खदान चालू होती असे गाव सांगते, त्या वर्षांतले अपघाती मृत्यू मोजा. आकड्यात हरवलेल्या मजुराला नाव मिळण्याची शक्यता याच वहीत सर्वात जास्त आहे.

सरकारकडून माहिती हवी असेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज पुरतो. एक अर्ज जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याला, एक नागपूरच्या भारतीय खाण ब्युरोला, एक धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाला. प्रश्न नेमका हवा: अमुक गावाच्या अमुक गटात खनिपट्टा कधी, कोणाला दिला आणि खाण सोडतानाचा नकाशा दप्तरी आहे का? 'सर्व माहिती द्यावी' असा अर्ज केला की उत्तरही तसेच मोघम येते.

मग जागा, पण बाहेरूनच

प्रत्येक खड्डा खदान नसतो. मुरमाचा खड्डा उथळ आणि सहसा रस्त्याच्या कडेला असतो. वितळून गोठल्यासारखा हलका, भोकाभोकांचा दगड सापडला तर तिथे जुन्या लोहारांची भट्टी असू शकते. चंद्रपूर भागात लोखंड गाळण्याची परंपरा जुनी आहे. काळा, जड आणि बोटाला काळिमा लावणारा दगड मँगनीजकडे बोट दाखवतो. मातीचे मोठे ढिगारे, उभ्या कापलेल्या कडा, पडक्या खोल्यांची जोती हे सगळे एकत्र दिसले तर संशय बळावतो. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा आणि मोबाईलचे लोकेशन चालू असू द्या.

आत मात्र उतरायचे नाही. जुन्या भुयारात प्राणवायू कमी असतो, आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत ते कळत नाही. विहिरीसारख्या तोंडावर टाकलेली लाकडे कुजलेली असतात. कडा पावसाळ्यात ढासळतात. आपल्या पोरांच्या जिवापेक्षा कोणताही पुरावा मोठा नाही.

शेवटी माणसे

आज साठी-सत्तरीत असलेल्यांनी आईबापांकडून ऐकलेले असते. पण नुसती आठवण कोर्टात टिकत नाही, इतिहासातही टिकत नाही. तिला तारीख लावावी लागते, आणि ती लावायला कायद्याचा इतिहास कामी येतो. समजा कोणी सांगितले, 'माझी आजी कोळशाच्या खाणीत खाली उतरायची.' ऑक्टोबर 1937 पासून बायांना जमिनीखाली काम करायला पूर्ण बंदी होती. युद्धकाळात कोळसा कमी पडला तेव्हा सरकारने 1943 मध्ये ही बंदी उठवली. त्या वेळी मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. 1944 मध्ये सभागृहात त्यांना या निर्णयाचे उत्तर द्यावे लागले. युद्धाची निकड सांगतानाच स्त्रीला पुरुषाइतकेच वेतन हे तत्त्व त्यांनी पुढे ठेवले. 1946 मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. म्हणजे आजी कायदेशीरपणे खाली गेली असेल तर ती 1937 पूर्वी किंवा 1943 ते 1946 या काळात. इतर काळात गेली असेल तर मालकाने कायदा मोडला. दोन्ही गोष्टी नोंदवण्यासारख्या आहेत.

पुरावा जिथे तुटतो तिथे काय करायचे, हेही बाबासाहेबांनीच दाखवले आहे. 'अस्पृश्य मूळचे कोण?' या 1948 च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी सांगितले की दुवा निखळला म्हणून संशोधन थांबवायचे नसते, तर्काने तो जोडता येतो. पण आपण तर्क करतो आहोत हे त्यांनी लपवले नाही. म्हणून आपल्या अहवालात तीन रकाने करा: कागदाचा पुरावा, माणसाची साक्ष आणि आपला अंदाज. हे तीन एकमेकांत मिसळले की विरोधकाला सगळाच अहवाल फेकून देता येतो.

काही मित्र विचारतील, रोजगार नाही, शिष्यवृत्ती रखडली आहे, आणि तुम्ही जुने खड्डे कसले शोधता? त्यांनी 27 डिसेंबर 1975 चे चासनाला आठवावे. वरच्या जुन्या खाणकामात साठलेले पाणी खालच्या चालू खाणीत घुसले आणि 375 कामगार बुडून मेले. बंद खदान कुठे आहे, किती खोल आहे, हे ठाऊक नसणे म्हणजे काय, ते त्या दिवशी दिसले. आज त्या खड्ड्यांच्या काठावर बंगले नाहीत, आपली घरकुले आहेत. तिथे आपली पोरे पोहतात, आपल्या बाया धुणे धुतात. कुंपण घाला म्हणून ग्रामसभेत ठराव मांडायचा तर आधी सिद्ध करावे लागते की ती खदान आहे. इतिहास आणि हक्क इथे एकाच अर्जात येतात.

अहवाल दहा पानांचा झाला तरी पुरे. एक प्रत ग्रामपंचायतीत आवक क्रमांक घेऊन द्या, एक तहसीलदाराला आणि एक विहाराच्या ग्रंथालयात ठेवा. ज्यांची नावे सापडली ती पहिल्या पानावर लिहा. कंपनीने त्यांची हजेरी मांडली, मजुरी दिली आणि नावे सोडून दिली. ती नावे लिहून काढायचे काम आता आपल्याकडे आहे आणि त्याला दहा रुपयांचे तिकीट पुरते.