पितळी पुंगळीची कुळकथा

ब्रिटनमधल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात एक पितळी फुलदाणी हमखास दिसते. उंची फुटाला थोडी कमी, कंबरेशी चुण्या पाडून आवळलेली, अंगावर ओकची पानं आणि मधल्या पट्टीत 'ईप्र १९१७' किंवा 'आरास १९१८' अशी रणभूमीवरच्या गावांची नावं आणि सालं. बहुतेकदा जोडीनंच विकायला असते, कारण ती बनवली होती फायरप्लेसवरच्या फळीच्या दोन टोकांसाठी. उलटी केली की बूड सगळं सांगून टाकतं: तोफेचा प्रकार, कारखान्याची खूण, साल आणि सरकारी मालमत्तेचा तो प्रसिद्ध बाण. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याची मुख्य मैदानी तोफ होती अठरा पौंडी. तिच्या गोळ्याची ही रिकामी पुंगळी.

अशा वस्तूंना इंग्रजीत 'ट्रेंच आर्ट' म्हणतात. त्या नावामुळे चिखलाच्या खंदकात बसून घरच्या आठवणीनं नक्षी कोरणारा सैनिक डोळ्यांसमोर येतो. असे सैनिक होतेही. अंगठी, सिगारेट लायटर, काडेपेटीचं कव्हर असल्या लहान वस्तू खंदकातही झाल्या. पण पुंगळीवर तासन् तास हातोडी चालवायची तर भट्टी हवी, ठोकळा हवा, आणि आवाजाच्या रोखानं गोळी येणार नाही अशी जागा हवी. म्हणून मोठी कामं झाली आघाडीच्या मागे, दुरुस्तीच्या कार्यशाळांत. इंजिनिअर तुकड्यांतले लोहार, घोड्यांचे नालबंद, बर्मिंगहॅमसारख्या पितळकामाच्या गावांतून भरती झालेले कारागीर तिथे फावल्या वेळात हे काम करत आणि ज्याला आठवण म्हणून घरी काही पाठवायचं असेल त्याला विकत. जोडधंदाच होता हा, आणि तसं म्हटल्यानं त्याची किंमत कमी होते असं मला मुळीच वाटत नाही. उलट हातात कसब असलेल्या माणसानं ते मरणाच्या छायेतही बाजारात उभं केलं, ही या वस्तूतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

या धंद्याचं कूळ शंभर वर्षं आधीपर्यंत जातं. इंग्लंडमध्ये पीटरबरोजवळ नॉर्मन क्रॉस इथे १७९७ साली युद्धकैद्यांची छावणी सुरू झाली आणि नेपोलियनबरोबरच्या युद्धांत हजारो फ्रेंच कैदी तिथे राहिले. जेवणातल्या मटणाची हाडं आणि बिछान्याचं गवत एवढंच त्यांच्याकडे असे. त्यातून त्यांनी जहाजांच्या प्रतिकृती, खेळणी, रंगीत गवत चिकटवून सजवलेल्या पेट्या केल्या आणि छावणीच्या दाराशी भरणाऱ्या बाजारात आसपासच्या इंग्रजांना विकल्या. पीटरबरोच्या संग्रहालयात त्यांचा मोठा साठा आज पाहायला मिळतो. हाडाच्या जागी पितळ आलं, पण युद्धाची उरलीसुरली वस्तू उचलून तिला विकण्याजोगं रूप द्यायचं, हा रिवाज तोच.

काडतुसाला शोभेचं रूप देण्याचं काम राजघराण्याच्या नावानंही झालं. १९१४ च्या नाताळात राजकन्या मेरीच्या निधीतून सैनिकांना एक पितळी डबी भेट गेली. धूम्रपान करणाऱ्यांच्या डबीत तंबाखू, सिगारेटी आणि पाइप. भारतीय सैनिकांसाठी खडीसाखर आणि मसाल्याची छोटी डबी असे वेगळे संच. काही डब्यांत पेन्सिल होती, आणि ती बसवली होती काडतुसाच्या पुंगळीत. वर गोळीच्या आकाराचं टोपण, शिवाय मेरीच्या नावाचं आद्याक्षर. पुढे डब्यांची मागणी इतकी वाढली की पितळ कमी पडलं, आणि अमेरिकेहून येणारा पितळेचा मोठा साठा मे १९१५ मध्ये लुसिटानिया जहाजाबरोबर समुद्रात बुडाला. त्या पहिल्या नाताळात आपल्या खडकीचे बॉम्बे सॅपर्स, म्हणजे इंजिनिअर तुकडीचे जवानही, फ्रान्सच्या थंडीत होते. २८ ऑक्टोबरला न्यू शापेलच्या लढाईत त्यांच्या दोन कंपन्या नुकत्याच होरपळून निघाल्या होत्या. त्याच खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना चालू होता, आणि तिथल्या .३०३ रायफलच्या काडतुसांच्या बुडावर 'के एफ' ही खूण असे. जुन्या काडतुसांच्या संग्रहात ती अक्षरं दिसली की मराठी माणसानं तिथे क्षणभर थांबावं.

आता काम कसं होई ते पाहू, कारण ते आपल्या तांबट-कासारांना लगेच उमगेल. पुंगळीचं पितळ म्हणजे सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त. कारखान्यात दाबून ओढल्यानं आणि तोफेत उडाल्यानं ते ताठर झालेलं असतं. तसंच ठोकलं तर चिरतं. म्हणून आधी लाल होईतो तापवायचं आणि गार करायचं. मग ते मऊ होतं. आत राळ, डांबर नाहीतर शिसं ओतून भरायचं, म्हणजे भिंत आत चेपत नाही. कागदावर नक्षी काढून ती पुंगळीला चिकटवायची, रेषेवरून टोचून ठिपके उतरवायचे. नंतर बोथट खिळ्यानं किंवा घासून केलेल्या ठशानं पानाभोवतीची सगळी जमीन बारीक ठिपक्यांनी ठोकून खाली बसवायची. पान कोरून वर काढायचं नसतं. भोवतालचं दबलं की ते आपोआप वर येतं. भिंगातून पाहिलं तर दमलेल्या हाताचे ठिपके विरळ होत गेलेले दिसतात. शेवटी पुन्हा तापवून राळ ओतून टाकली की वस्तू तयार.

हे तापवणं किती गरजेचं होतं ते हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेनं वेगळ्या वाटेनं अनुभवलं होतं. घोड्यांच्या तबेल्याजवळ साठवलेली काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळात दडलेला ताण यांचा तो संयुक्त परिणाम होता. त्याचा शास्त्रीय उलगडा १९२१ साली झाला. पण नक्षी काढण्यासाठी पुंगळी तापवणारा लोहार तो ताण नकळत काढून टाकतच होता.

कायद्यानं मात्र ही सगळी चोरी होती. पुंगळ्या गोळा करून ब्रिटनला परत पाठवायच्या आणि पुन्हा भरायच्या, असा सैन्याचा नियम होता. पण सॉमच्या लढाईआधीच्या एका आठवड्यातच पंधरा लाखांवर गोळे उडाले. एवढ्या पितळावर कोण किती लक्ष ठेवणार! ब्रिटिशांच्या चाकरीतल्या चिनी मजुरांनी पुंगळ्यांवर ड्रॅगन कोरले. जर्मन कैद्यांनी नक्षी कोरली, बेल्जियन नागरिकांनीही कोरली. युद्ध संपल्यावर तर धंदा वाढलाच. मुलाची किंवा नवऱ्याची कबर पाहायला ब्रिटनहून ईप्रला जाणाऱ्या बायकांना तिथल्या दुकानांतून नक्षीदार पुंगळ्या मिळत. ब्रिटनमधल्या कारागिरांनी सैनिकांनी आणलेल्या पुंगळ्यांच्या जेवणाच्या घंटा आणि घड्याळांच्या चौकटी करून दिल्या. ज्या घरात माणूस परतला नाही, तिथे ती जोडी आठवड्याला घासूनपुसून लखलखीत ठेवली जाई. म्हणूनच कितीतरी पुंगळ्यांवरची अक्षरं आज पुसट झाली आहेत. निकोलस सॉन्डर्स या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञानं या वस्तूंचा गंभीर अभ्यास सुरू केला, त्याआधी बराच काळ अभ्यासकांनी त्यांच्याकडे पाठच फिरवली होती. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आज त्या सन्मानानं मांडलेल्या आहेत.

जोडधंदा अजून चालू आहे. ब्रिटनमध्ये रायफलचं जिवंत काडतूस बाळगायला पोलिसांचं सर्टिफिकेट लागतं. उडून गेलेल्या रिकाम्या पुंगळीला लागत नाही. त्या जोरावर कुणी घरच्या गॅरेजमध्ये लेझरचं यंत्र ठेवून लग्नाच्या तारखा, शिकारी क्लबची नावं कोरून किल्ल्यांच्या साखळ्या आणि बाटली उघडण्या विकतो. लेझरची रेघ सरळ येते, स्वस्त पडते. माझं मन मात्र त्या ठिपक्यांच्या जमिनीवरच आहे, कारण तिथे माणसाचा हात मोजता येतो.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना एक विनंती. शेजारच्या आजींकडून किंवा बाजारातून अशी पुंगळी घरी आली, तर चिंच किंवा पीतांबरी लावून घासू नका. मऊ कोरडं फडकं पुरे. गोळा अजून पुंगळीत बसलेला असेल किंवा ती रिकामी असल्याची खात्री नसेल, तर हात न लावता ९९९ ला फोन करा. आणि ती कुणाकडून आली, त्यांच्या घरातलं कोण कुठे लढलं, हे विचारून एका कागदावर लिहा आणि तो कागद पुंगळीतच ठेवा.