वैरण आणि वाघीण

दुष्काळाचा इतिहास आपण धान्याच्या भावावरून वाचतो. आमच्या मते तो वैरणीच्या भावावरूनही वाचला पाहिजे. १८९९ साली पावसाने पाठ फिरवली. गुजरातेत त्या दुष्काळाला संवत १९५६ वरून ‘छप्पनियो’ हे नाव पडले. आगगाडीने परप्रांतांतून धान्य आणले. गुरे मात्र लाखांनी मेली. असे का व्हावे?

गवत कोठेच नव्हते असे नाही. ठाण्याच्या जंगलांतले गवत कापून सरकारने आगगाडीने धाडलेही. पण गवत हलके आणि फुगीर; वाघीण भरते, वजन भरत नाही. माणसाला दिवसाला अर्धा किलो धान्य पुरते, बैलाला पाच-सहा किलो वैरण लागते. साहजिकच मूळ किमतीपेक्षा वाहतूकच जड होते. आणि बैल गेला की पुढच्या वर्षी पाऊस पडूनही नांगर अडतो.

२०१३ आणि २०१९ साली महाराष्ट्रात गुरांच्या छावण्या उघडल्या, त्यांमागेही हाच हिशेब आहे : वैरण दावणीदावणीला पोचवण्यापेक्षा गुरेच वैरणीपाशी आणणे परवडते. म्हणून आम्ही म्हणतो, दुष्काळाची तयारी सुगीतच, कडब्याच्या गंजीपासून झाली पाहिजे.