दोन थेंब, एक टेबल आणि आपलं गेट

स्मरणिका समितीने लेख मागताना विषयही देऊन टाकला : ‘आपली सोसायटी आणि समाजकार्य’. पंचवीस वर्षांत आपण गणपती, कोजागरी, हळदीकुंकू, क्रिकेटचे सामने, गच्चीची गळती आणि पाण्याचे टँकर हे सगळं केलं. त्यावर इतर मंडळी लिहितीलच. मी एकाच गोष्टीबद्दल लिहिणार आहे : पल्स पोलिओच्या रविवारी आपल्या गेटजवळ जे टेबल लागायचं, त्याबद्दल. ते टेबल आपल्या भागातल्या रोटरी क्लबच्या मंडळींनी आणलं आणि नंतर कितीतरी वर्षं आपल्या सभासदांनी चालवलं. ज्यांची मुलं आज कॉलेजात आहेत त्यांना ते आठवत असेल. नव्याने राहायला आलेल्यांना कदाचित माहीतही नसेल, म्हणून हा खटाटोप.

आधी हे क्लब आले कुठून ते थोडक्यात. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन ओळखीच्यांना जमवून रोटरीची पहिली बैठक घेतली. सभा आळीपाळीने एकेका सभासदाच्या कचेरीत व्हायच्या, म्हणून नाव ‘रोटरी’. सुरुवातीला हेतू अगदी साधा होता. परक्या शहरात ओळखी व्हाव्यात आणि धंद्यात एकमेकांना मदत व्हावी, इतकाच. समाजसेवेचं पहिलं काम काय, तर १९०७ मध्ये शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं म्हणून लावून धरलेली मागणी! आपल्याकडे मुंबईत रोटरी क्लब निघाला १९२९ मध्ये. लायन्सची सुरुवात अमेरिकेत १९१७ ची आणि मुंबईत त्यांचा पहिला क्लब १९५६ चा. हेलन केलर यांनी १९२५ मध्ये लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करा असं आवाहन केलं. तेव्हापासून डोळ्यांची शिबिरं म्हटलं की लायन्स, असं समीकरण झालं. ठाण्यासारख्या शहरात डॉक्टर, वकील, सीए, दुकानदार, छोटे कारखानदार अशांनी मिळून चालवलेले असे क्लब आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत.

या लोकांकडे पैसा कुठून येतो, हा प्रश्न आपल्या सभासदांनी मला अनेकदा विचारला. ‘मोठी माणसं, खिशातून देत असतील’ असा सर्वसाधारण समज. काही अंशी ते खरंही आहे. सभासदांची वर्गणी असते. शिवाय सभेत उशिरा आलं, पिन लावायला विसरलं, फोन वाजला की गमतीने दंड करतात, आणि वाढदिवसाला डब्यात नोटा पडतात. पण त्यातून चहापाणी सुटतं, प्रकल्प नाही. प्रकल्पाचा पैसा येतो तो एखाद्या चालत्या नाटकाचा आख्खा प्रयोग विकत घेऊन. गडकरी रंगायतनची तारीख मिळवायची, नाटक कंपनीला ठरलेली रक्कम द्यायची, आणि मग एकेका सभासदाने पंचवीस-तीस तिकिटं आपल्या व्याही-जावयांपासून ते दवाखान्यातल्या पेशंटपर्यंत सगळ्यांच्या गळ्यात मारायची. वरची रक्कम क्लबची. त्याच प्रयोगाला एक स्मरणिका निघते. तिच्यात पाव पान, अर्धं पान, मागचं कव्हर अशा जाहिराती. तुमच्या हातात आत्ता आहे ती स्मरणिकाही याच मार्गाने निघाली आहे, तेव्हा जाहिरातीसाठी दुकानोदुकानी फिरण्याचा अर्थ आपल्या समितीला वेगळा सांगायला नको. ‘गेल्या वर्षी दिली होती की’ हे वाक्य ऐकून जो परत पुढच्या वर्षी त्याच दुकानात जाऊ शकतो, तोच निधी गोळा करू शकतो.

आता पोलिओ. रोटरीने या रोगाविरुद्ध पहिलं मोठं काम १९७९ मध्ये फिलिपीन्समध्ये हाती घेतलं. तिथल्या सुमारे ६० लाख मुलांना लस द्यायची होती. ते जमलं, तेव्हा सगळ्या जगासाठीच का नको, असा विचार झाला आणि १९८५ मध्ये ‘पोलिओ प्लस’ ही मोहीम जाहीर झाली. १२ कोटी डॉलर जमवायचं ठरलं होतं. १९८८ पर्यंत २४ कोटी ७० लाख जमले. हा आकडा ऐकून सरकारंही जागी झाली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने पोलिओ जगातून घालवायचा ठराव केला. त्या वेळी सव्वाशेहून अधिक देशांत मिळून वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुलं पोलिओने लुळी होत होती.

भारतात देशभराचा पहिला पल्स पोलिओ दिवस झाला ९ डिसेंबर १९९५ रोजी आणि दुसरा २० जानेवारी १९९६ रोजी. तेव्हा तीन वर्षांखालच्या मुलांना डोस होता, पुढच्या वर्षी तो पाच वर्षांपर्यंत वाढवला. एकाच दिवशी सगळ्यांना का? तर पोलिओचा विषाणू माणसाच्या आतड्यात राहतो आणि विष्ठेतून पसरतो. एका भागातल्या सगळ्या मुलांना एकदम लस दिली, की त्याला मुक्कामाला जागाच उरत नाही. आज या घरी, उद्या त्या घरी असं केलं तर तो पुढे सरकत राहतो.

आपली सोसायटी नोंदली गेली तेव्हा पल्स पोलिओला चार-पाच वर्षं झाली होती. घोडबंदर रोड तेव्हा आजच्यासारखा नव्हता. आपल्या इमारतीच्या मागे मोकळं रान, पलीकडे येऊरचा डोंगर आणि दोन्ही बाजूंना नव्या बांधकामांचे खड्डे. रोटरीची माणसं बूथसाठी जागा मागायला आली, तेव्हा मी कमिटीत होतो. मागणी फार नव्हती : एक टेबल, चार खुर्च्या, सावली, आणि दिवसभर बसायला दोन-तीन माणसं. लस, नर्सबाई आणि नोंदीचे कागद महापालिकेच्या आरोग्य केंद्राचे. बॅनर, टोप्या, मुलांसाठी फुगे-शिट्ट्या आणि बूथवर बसणाऱ्यांचा नाश्ता क्लबचा. या ‘किरकोळ’ खर्चाला सरकारी हिशेबात सहसा रकाना नसतो, आणि तो कोणी केला नाही तर दुपारी बारानंतर बूथवर कोणी थांबत नाही. नाटकाच्या तिकिटांचा पैसा इथे लागत होता.

पहिल्या वर्षी आपल्याच सभासदांचा प्रश्न होता, ‘आमच्या मुलाचे सगळे डोस बालरोगतज्ज्ञांकडे झालेत. मग परत कशाला?’ शिकलेल्या आईबापांचा प्रश्न होता, चुकीचा नव्हता. नर्सबाईंनी फार छान उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, ‘ताई, तुमच्या बाळाला जास्तीचा डोस बाधत नाही. पण तुमचं बाळ ज्या बागेत खेळतं तिथे अजून दहा मुलं येतात. हा डोस त्यांच्यासाठी पण आहे.’

दुसरा वाद जरा कडू होता. बूथ गेटच्या आत लावला होता. मागच्या दोन साइट्सवरच्या मजुरांच्या बायका मुलांना काखोटीला मारून येऊ लागल्या, तशी कुरबूर सुरू झाली. कंपाउंडमध्ये बाहेरची गर्दी, चपला, मुलांची रड, सुरक्षेचं काय, वगैरे. वॉचमन त्यांना गेटवरच विचारपूस करून थांबवायचा आणि त्या मुकाट परत जायच्या. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा मुद्दा आला. कोणी म्हणालं, बूथ बंदच करा. तेव्हा तळमजल्यावरच्या एका ज्येष्ठ वहिनी उभ्या राहिल्या. सभेत त्या कधी बोलत नसत. त्यांच्या धाकट्या दिरांना लहानपणी पोलिओ झाला होता, जन्मभर कॅलिपर घालून चालले. त्या एवढंच म्हणाल्या, ‘ज्यांच्या मुलांना खरी गरज, त्यांनाच गेटवर अडवायचं असेल तर टेबल कुणासाठी मांडतो आपण?’ सभा गप्प झाली. मार्ग निघाला तो असा : टेबल गेटच्या बाहेर, फुटपाथवर, सावलीसाठी ताडपत्री सोसायटीची, पाणी आणि वीज सोसायटीची. पुढच्या फेरीपासून रांग दुप्पट झाली.

टेबलावरचं काम पाहून मला त्या मोहिमेबद्दल मोठा आदर वाटू लागला. लसीच्या निळ्या डब्यात चार बाजूंना बर्फाचे पॅक. एका कुपीत वीस डोस. कुपीच्या लेबलवर एक गोल आणि त्यात फिकट चौकोन. लसीला उष्णता लागत गेली की तो चौकोन गडद होत जातो, आणि बाहेरच्या गोलाइतका गडद झाला की कुपी टाकून द्यायची. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही समजेल इतकं सोपं. दोन थेंब तोंडात, मग डाव्या हाताच्या करंगळीला शाई. रविवार संपला की सोमवारपासून बायका घरोघर. घरातली सगळी मुलं झाली असतील तर दारावर खडूने ‘पी’, कुणी राहिलं किंवा कुलूप असलं तर ‘एक्स’. एक्सच्या घरी परत जायचं. आपल्या नव्या रंगाच्या भिंतीवर खडूने लिहिलं म्हणून एका सभासदाने लेखी तक्रार केली होती. ती फाइलमध्ये अजून आहे!

खरी कसोटी लेबर कॅम्पात होती. पत्र्याच्या खोल्या, आज इथे तर महिन्याने दुसऱ्या साइटवर. कुटुंबं कुठून आली विचारलं तर उत्तर प्रदेश, बिहार, मराठवाडा, कर्नाटक. सरकारी यादीत त्यांचं घर नाही, कारण यादी केली तेव्हा ते घर नव्हतंच. क्लबच्या एका सभासदाचा बांधकाम साहित्याचा व्यवसाय होता, त्याला सगळे मुकादम ओळखत. तो आदल्या दिवशी स्कूटरवर फिरून कुठे नवीन टोळी उतरली ते विचारून यायचा. आपल्या सोसायटीतल्या चार-पाच जणी संध्याकाळी नर्सबाईंबरोबर तिथे जायच्या. मोहीम ज्या धाग्यावर लोंबकळत होती तो हाच. देशातले बहुतेक रुग्ण उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये होते, आणि तिथल्या गाड्या कल्याण-ठाण्याला रोज उतरत होत्या. म्हणून तर स्टेशनांवर आणि गाड्यांतही डोस द्यायचे, आणि मुंबईच्या सांडपाण्याचे नमुने २००१ पासून तपासायला सुरुवात झाली होती.

यश सरळ आलं नाही. २००२ मध्ये देशात १,६०० रुग्ण. २००५ मध्ये ते ६६ वर आले, सगळ्यांना वाटलं संपलं. २००६ मध्ये पुन्हा ६७६. २००९ मध्ये ७४१. टेबलावर बसणारी माणसं कंटाळली होती. ‘अजून किती रविवार?’ असं आम्हीही म्हणू लागलो होतो. दाट वस्ती, अस्वच्छ पाणी, सतत जुलाब अशा मुलांत तोंडावाटे दिलेली लस नीट लागू पडत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा डोस द्यावे लागत होते. २०१० मध्ये नवी द्विगुणी लस आली आणि आकडा ४२ वर उतरला. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात एका लहान मुलीला पोलिओ झाला. देशातली ती शेवटची रुग्ण. फेब्रुवारी २०१२ मध्ये भारताचं नाव पोलिओग्रस्त देशांच्या यादीतून निघालं. त्या वर्षी रोटरीचे जागतिक अध्यक्ष आपल्या शेजारच्या वापीचे कल्याण बॅनर्जी होते, हाही एक योग. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया पोलिओमुक्त जाहीर झाला.

इथे दोन गोष्टी स्पष्ट लिहायला हव्यात. पहिली, हे यश एकट्या क्लबचं नव्हे. एका देशव्यापी फेरीत सुमारे १७ कोटी मुलांना डोस दिले जात, आणि त्यासाठी वीस लाखांहून अधिक माणसं उन्हातान्हात फिरत. त्यांत सर्वांत जास्त अंगणवाडीताई, नर्सबाई आणि साध्या घरच्या बायका. रोटरीत मात्र स्त्रियांना सभासद होण्याची जगभर मुभा मिळाली ती १९८९ मध्ये. दुसरी, क्लबांवर होणारी टीका अगदीच खोटी नाही. बॅनर मोठा आणि काम छोटं असंही मी पाहिलं आहे. दरवर्षी जुलैत अध्यक्ष बदलतो आणि जुना प्रकल्प नव्याला आपला वाटत नाही. पोलिओचं वेगळेपण हे, की इथे पंचवीसहून अधिक वर्षं कुणी विषय बदलला नाही. समाजकार्यात सर्वांत अवघड काय असेल तर तेच.

आज ते टेबल नाही. पल्स पोलिओचे रविवार चालूच आहेत, कारण पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात हा रोग अजून आहे. पण बूथ आता जवळच्या दवाखान्यात असतो. मागच्या साइट्सवर तीस मजली टॉवर उभे आहेत. ज्या मुलांनी तिथे पत्र्याखाली दोन थेंब घेतले, ती आता कुठे असतील कोण जाणे. चालत असतील, एवढं नक्की.

रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने माझी एक सूचना आहे. सोसायटीत आज पंचाहत्तरी ओलांडलेले बरेच सभासद आहेत आणि त्यांतले कित्येक एकटे राहतात. आपल्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींच्या मुलींना परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाला शांत जागा नसते, आणि आपलं सोसायटी ऑफिस संध्याकाळी सातनंतर रिकामं असतं. एक टेबल, चार खुर्च्या आणि आळीपाळीने बसायला दोन-तीन माणसं : यापेक्षा जास्त तेव्हाही लागलं नव्हतं. नवीन कमिटीने हा विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत घ्यावा, आणि रद्दीचे पैसे त्यासाठी राखून ठेवावेत, ही विनंती. ताडपत्री अजून पंपाच्या खोलीत आहे, मी गेल्याच आठवड्यात पाहिली.

सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवी वर्षाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.